मे महिन्यात दुधाची डिग्री २६, डिसेंबरात ३०. गाय तीच, मुरघास तोच, मग पाणी घातलं कोणी?

मळेकरी_निफाड

राम राम मंडळी. प्रश्न दुधाचा आहे, पण खालून विज्ञानाचा निघेल असं वाटतंय, म्हणून इथे टाकतो.

आमचा मळा निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. द्राक्षाच्या जोडीला चार एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आहेत. संकलन केंद्र मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. शेवटच्या गाईची धार निघाली की पाच मिनिटांत कॅन काट्यावर असतो. फॅट मशीनवर काढतात, डिग्री, म्हणजे दूध पाण्यापेक्षा किती जड ते, मात्र अजून दुधात तरंगणाऱ्या काचेच्या लॅक्टोमीटरवरच बघतात.

आता गंमत बघा. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे निफाडशेजारच्या कुंदेवाडीचा नीचांकी पारा पेपरात झळकायला लागतो तेव्हा, आमच्या सकाळच्या दुधाला २९-३० डिग्री लागते. तेच दूध एप्रिल-मेच्या संध्याकाळी २६ वर येतं, कधी त्याच्याही खाली. भाव ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग). त्याच्या खाली पॉइंटमागे कपात. पैशाचं एक वेळ जाऊ द्या, पण काट्यावरचा पोरगा चार माणसांत म्हणतो, "दादा, नळ जरा हळू सोडत जा." वडिलांना ते फार लागलं.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. चुलत्यांचा मळा नदीपलीकडे आहे. गाई आमच्याच गाईंच्या बहिणी, मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा दोघांचा एकच. त्यांचं दूध दोन-तीन वस्त्यांवर फिरून पिकअपमधून येतं, दीड-दोन तास वाटेतच जातात. तरी त्याच संध्याकाळी, त्याच लॅक्टोमीटरवर, त्यांची डिग्री आमच्यापेक्षा एक-दीड जास्तच. ताजं दूध आमचं आणि भारी दूध त्यांचं?

लॅक्टोमीटर खोटा आहे, की उन्हाळ्यात दूध खरंच पातळ होतं?

सातपूरकर

उन्हाळ्यात गाई दुप्पट पाणी पितात भाऊ. ते कुठे जाणार? दुधातच. चुलते बहुतेक जरा कमी पाजत असतील. 😀

डिग्रीवाले_नाना

मळेकरी भाऊ, माझी सगळी नोकरी सिन्नरकडच्या एका शीतकरण केंद्रात सॅम्पलच्या टेबलाशी गेली. आता गंगापूर रोडला नातवंडं सांभाळतो. तुमचा प्रश्न वाचला आणि चहा बाजूला ठेवला.

आधी सातपूरकरांचं निकालात काढू. गाय हौद रिकामा करू दे, दूध पातळ होत नाही. कासेत दूध तयार होताना त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि क्षार हे रक्ताशी बरोबरी राहील तेवढंच पाणी आत ओढतात. पाणी कमी पडलं तर दूध कमी निघेल, जास्त प्यायली तर लघवी जास्त करेल. दुधात पाणी पडतं ते कासेच्या बाहेर आल्यावरच.

आता लॅक्टोमीटर. लोकांना वाटतं तो दूध 'तपासतो'. त्याला दूध, ताक, मिठाचं पाणी, काहीच ओळखता येत नाही. आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारला जाईपर्यंत बुडायचं आणि तिथे थांबायचं, एवढंच त्याला येतं. द्रव जड असला तर थोडा सारून भागतं, नळी वर राहते, आकडा मोठा दिसतो. हलका असला तर खोल जावं लागतं, आकडा लहान. २८ डिग्री म्हणजे पाण्याच्या १.०२८ पट घनता. वरची नळी बारीक ठेवतात ती याच्यासाठी, की घनतेत एवढासा फरक पडला तरी ती बोटाच्या पेराएवढी वरखाली व्हावी. शाळेत प्लावक बल म्हणून शिकवतात ते हेच, फक्त तिथे त्याचे पैसे कापत नाहीत.

दूध तापलं की फुगतं. वजन तेच, जागा जास्त, म्हणून घनता कमी. लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि तुमची डिग्री उतरते. पाण्याचा थेंब न घालता. हिशोब पाठ करून ठेवा: दर एक अंश सेल्सिअसला साधारण ०.२ डिग्री. दूध लॅक्टोमीटरच्या ठरलेल्या तापमानापेक्षा गरम असेल तर तेवढी मिळवायची, गार असेल तर वजा करायची. ठरलेलं तापमान लॅक्टोमीटरच्या आतल्या कागदावर छापलेलं असतं. आपल्याकडच्या आयएसआय लॅक्टोमीटरला २७ अंश सेल्सिअस, काहींना ८४ फॅरेनहाइट म्हणजे साधारण २९ सेल्सिअस, आणि जुन्या विलायती पद्धतीच्यांना ६० फॅरेनहाइट, म्हणजे साडेपंधरा. आधी तो कागद वाचून या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

तुमचं उदाहरण घेऊ. समजा लॅक्टोमीटर २७ चा आहे आणि दुधाची खरी डिग्री २८. मे महिन्यात धारोष्ण दूध काट्यावर येतं तेव्हा ३४-३५ अंशांना असतं. सात अंश जास्त, म्हणजे १.४ डिग्री कमी. लॅक्टोमीटर दाखवणार २६.६, आणि पोरगा लिहिणार २६, कारण पॉइंटनंतरचं त्याला दिसत नाही किंवा दिसलेलं परवडत नाही. डिसेंबरात पहाटेच्या गारठ्यात धार काढता काढताच पहिल्या गाईचं दूध गार पडतं. ते १७ ला आलं तर दहा अंश कमी, म्हणजे दोन डिग्री जास्त. दाखवणार ३०. दोन्ही वेळा दूध तेच.

पैशाची गोष्ट पुढे आहे. एसएनएफचं जे सूत्र केंद्रावर चिकटवलेलं असतं त्यात डिग्रीला चारने भागतात. म्हणजे चार डिग्रीला एक एसएनएफ, एका डिग्रीला पाव. मे महिन्यातल्या त्या १.४ डिग्रीने तुमचा एसएनएफ ०.३५ ने पाडला. वर पॉइंटनंतरचं कापलं तर जवळजवळ अर्धा. ८.५ चं दूध ८.० ला गेलं. हिवाळ्यात हाच खेळ तुमच्या बाजूने होत होता, पण तेव्हा कोणी तक्रार करत नाही. मीही केली नसती.

चुलत्यांचं कोडं मात्र खास आहे. यात तापमान अर्धंच आहे. सडातून धार बादलीत पडते तेव्हा फेस येतो ना? दिसतो तो फेस निवळतो, पण न दिसणारे बारीक बुडबुडे दुधात अडकून राहतात, आणि कासेतून येतानाच थोडा वायू विरघळलेलाही असतो. ते निघायला वेळ लागतो. शिवाय ताज्या दुधातली चरबी पातळ असते. दूध निवत जातं तशी ती थिजते आणि आकसते, तीही लगेच नाही, हळूहळू. या दोन्हींमुळे काढल्यानंतर काही तासांत दुधाची घनता आपोआप वाढते, डिग्रीच्या भाषेत साधारण एकाने. याला रेकनागेल परिणाम म्हणतात, त्या शास्त्रज्ञाच्या नावावरून. आमच्याकडे नवीन पोरं यायची त्यांना मी पहिलं हेच सांगायचो, की धार काढल्या काढल्या लॅक्टोमीटर सोडू नका. तुमच्या चुलत्यांच्या दुधाला पिकअपमध्ये नेमका तेवढा वेळ मिळतो, आणि वाटेत ते चार अंश गारही होतं. तुमच्या मळ्याचं केंद्राजवळ असणं तुम्हाला नडतंय.

आता तुम्हाला न आवडणारं. उन्हाळ्यात थोडी खरी घटही असते. उकाड्याने गाय वैरण कमी खाते, हिरवा चारा आटतो, आणि फॅट-एसएनएफ दोन्ही उतरतात. एखादीला कासदाह दबलेला असला तरी एसएनएफ पडतो. तेव्हा ३० आणि २६ मधला सगळा फरक लॅक्टोमीटरच्या माथी मारू नका. मोठा भाग त्याचा, सगळा नाही.

सेलरवाला

नाना, वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे हीच भांडणं चालतात, फक्त द्रव वेगळा. मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत सेलरमध्ये काम करतो. रसाची साखर आम्ही ब्रिक्सच्या हायड्रोमीटरवर बघतो, तो २० अंश सेल्सिअसला ठरवलेला. फेब्रुवारीत दुपारी आलेली द्राक्षं हाताला गरम लागतात, त्यांचा रस काढून लगेच मोजला तर ब्रिक्स कमी दिसतो आणि बागायतदार चिडतो.

पण आमच्याकडे एक उलटा प्रकारही होतो. रस आंबायला लागला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हायड्रोमीटरच्या अंगाला मोत्यांसारखे चिकटतात आणि त्याला वर उचलतात. साखर २ ने जास्त असल्यासारखी दिसते. म्हणून सॅम्पल दोन भांड्यांत वरखाली ओतून आधी वायू घालवायचा, मग हायड्रोमीटर सोडून बोटांनी एक गिरकी द्यायची. बुडबुडे सुटले की तो सर्रकन खाली बसतो.

आणि शेवटी शेवटी रीडिंग शून्याच्या खाली जातं. साखर संपलेली, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.७९ च्या आसपास. नवीन माणूस दर वेळी विचारतो, साखर उणे कशी असेल?

पण माझी एक शंका. आमच्या बुडबुड्यांनी रीडिंग वाढतं, तुमच्या हवेने कमी होतं. हे कसं?

डिग्रीवाले_नाना

चांगलं विचारलंत. बुडबुडा नळीला चिकटला तर तो नळीचाच भाग होतो. तिचं आकारमान वाढतं, वजन जवळपास तेच, म्हणून ती वर येते. बुडबुडा दुधात पसरलेला असला तर तो दुधाचा भाग होतो. दूध हलकं होतं, म्हणून नळी खाली जाते. फेसाळलेल्या दुधात दोन्ही एकदम चालतात, म्हणून फेसात घेतलेलं रीडिंग मी वहीत लिहायचोच नाही.

घोटीचा_भातवाला

आम्ही इगतपुरी तालुक्यातले, दुधातलं फारसं कळत नाही. पण भाताचं बी आम्ही मिठाच्या पाण्यात टाकतो, १० लिटरला ३०० ग्रॅम. पोचट बी तरंगतं ते काढून टाकायचं, तळाशी बसलेलं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. साध्या पाण्यातही पोचट तरंगतंच, पण अर्धवट भरलेला दाणा साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात वर येतो. म्हणजे आम्ही पाण्याची डिग्री वाढवून बी चाळतो, असंच ना नाना?

डिग्रीवाले_नाना

अगदी तसंच. आणि तुम्ही नकळत मळेकरींना हत्यार दिलंत. तीन टक्के मिठाच्या पाण्याची घनता १.०२ च्या जरा वर असते. म्हणजे लॅक्टोमीटरवर वीस-एकवीस.

मळेकरी भाऊ, घरी स्वतःचा लॅक्टोमीटर आणा, फार महाग नसतो. त्यावर छापलेल्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यात तो शून्याला यायला हवा. मग एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ नीट विरघळवून बघा. विसाच्या आसपास आला तर लॅक्टोमीटर सरळ आहे. मीठ दमट असेल तर थोडा कमी येईल.

केंद्रावरच्या लॅक्टोमीटरची नळीही एकदा जवळून बघा. आदल्या सांजेचं दूध वाळून तिच्यावर पापुद्रा धरलेला असतो. तेवढ्या वजनानेही लॅक्टोमीटर खाली जातो, आणि आकडे जिथे असतात तिथेच तो पापुद्रा जास्त जमतो. दूध आरपार दिसत नाही, म्हणून नळीपाशी चढलेल्या दुधाची वरची कड वाचावी लागते, आणि डोळा त्या रेषेच्या पातळीत हवा. उभ्याने वरून बघून डिग्री सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मळेकरी_निफाड

नाना, खूप खूप आभार. लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर नाशिकहून मागवला. २७ चा आहे. पाण्यात शून्य, मिठाच्या पाण्यात २०.५.

संध्याकाळच्या दुधातून दोन भांडी बाजूला काढली. एकात लगेच सोडला: दूध ३५ अंश, डिग्री २५.५. दुसरं झाकून विहिरीच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवलं. जेवणं झाल्यावर बघितलं तर दूध २७ अंश, आणि डिग्री २८.५! वडील दोनदा चष्मा पुसून बघून गेले.

पण नाना, आठ अंशांचे तुमच्या हिशोबाने १.६ होतात. हवेचा एक धरला तर २.६. माझा फरक ३ आला. उरलेला कुठून आला?

आणि केंद्रावर हे सांगितलं तर पोरगा म्हणतो थर्मामीटर फुटलाय, नवीन येईल तेव्हा येईल. तिथला लॅक्टोमीटरही २७ चाच निघाला. तिथेच कुणीतरी म्हणालं, केंद्रवाले तुमच्याकडून गरम दूध कमी डिग्रीने घेतात आणि कूलरमध्ये ४ अंशांला गार करून पुढे जास्त डिग्रीने विकतात. खरंय का?

सातपूरकर

४ अंशांवरून आठवलं, पाणी ४ अंशांलाच सगळ्यात जड असतं ना? मग कूलर मुद्दाम ४ ला ठेवतात की काय? 😀

डिग्रीवाले_नाना

सातपूरकर, कूलर ४ ला ठेवतात तो जिवाणू वाढू नयेत म्हणून. घनतेशी त्याचा संबंध नाही. पाणी ४ अंशांला सगळ्यात जड असतं हे खरं. त्याच्या खाली ते पुन्हा फुगायला लागतं, आणि बर्फ झाला की घनता ०.९१७ वर येते, म्हणून तरंगतो. दुधात साखर-क्षार विरघळलेले असल्याने तो टप्पा शून्याच्याही खाली सरकतो, तेव्हा कूलरमध्ये ते गार होत जाईल तसं जडच होत जातं.

मळेकरी, उरलेल्या ०.४ चं उत्तर असं की ०.२ चा नियम ठरलेल्या तापमानाच्या जवळपासच चालतो, चार-पाच अंश इकडेतिकडे. दूध जितकं गरम तितकं अंशामागे जास्त फुगतं. ३५ ला ०.२ कमीच पडतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत गरम दुधाला आकडे मिळवत बसत नाहीत, दूधच ठरलेल्या तापमानावर आणतात.

विकायच्या आरोपाबद्दल. ४ अंशांच्या दुधात २७ चा लॅक्टोमीटर सोडला तर चार-पाच डिग्री फुकट दिसतील, हे खरं. पण मोठ्या डेअरीच्या डॉकवर कोणी तसं सोडत नाही. सॅम्पल कोमट करून घेतात, मशीनला घालतात, आणि संशय आला तर गोठणबिंदू बघतात. दूध शून्याच्या खाली साधारण अर्ध्या अंशाला गोठतं, आणि पाणी घातलं की तो आकडा शून्याकडे सरकतो. तिथे लॅक्टोमीटरची चलाखी चालत नाही. लॅक्टोमीटरला फसवणं सोपं आहे, म्हणून तर ही तपासणी. साय काढली की दूध जड होतं, कारण चरबीची घनता ०.९३ च्या आसपास, पाण्यापेक्षा कमी. मग पाणी घालून डिग्री परत खाली आणायची, की लॅक्टोमीटर खूश. म्हणूनच फॅटशिवाय नुसत्या डिग्रीला अर्थ नाही. तेव्हा केंद्रवाला तुमच्या डिग्रीवर बंगला बांधतोय असं मला वाटत नाही. तो आळस करतोय. पण आळसाचे पैसे तुमच्या बिलातून जातात, हेही तितकंच खरं.

त्याच्याशी भांडू नका. स्वतःचा थर्मामीटर खिशात ठेवा, कॅनमध्ये घाला, आकडा त्याला दाखवा आणि वहीत डिग्रीच्या शेजारी तापमान लिहायला लावा. लिहिलेलं असलं की सुपरवायझरला नाही म्हणता येत नाही. तोवर धार काढून झाली की कॅन झाकण लावून पाण्याच्या हौदात अर्धा-पाऊण तास उभा करा आणि केंद्र बंद व्हायच्या आधी न्या. त्याहून जास्त थांबू नका, मे महिन्यात दूध नासायला वेळ लागत नाही, आणि नासलेल्या दुधाची डिग्री कोणी विचारत नाही.

आणि उभ्या कॅनमध्ये चरबी वर येते. सॅम्पल घेण्याआधी दूध तळापासून हलकेच ढवळून घ्यायला सांगा. वरवरचं घेतलं तर फॅट जास्त आणि डिग्री कमी, तळाचं घेतलं तर उलट. फेस मात्र येऊ देऊ नका, नाहीतर घालवलेली हवा परत आत.

मळेकरी_निफाड

चालतंय नाना. उद्यापासून हौद. चुलत्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, त्यांची डिग्री चांगली आहे तर असू द्या.

घोटीचा_भातवाला

नाना, म्हशीच्या दुधालाही हेच ०.२ धरायचं का? आमच्याकडे दोन म्हशी आहेत.

डिग्रीवाले_नाना

धरा, जवळपास तेवढंच. फक्त म्हशीच्या दुधात चरबी जवळजवळ दुप्पट, ती थिजायला वेळ लागतो, म्हणून ताज्या आणि निवलेल्या दुधातला फरक म्हशीच्या दुधात थोडा जास्त दिसेल. पक्कं बघायचं असेल तर सॅम्पल ४० अंशांपर्यंत कोमट करा, चरबी पूर्ण वितळू द्या, मग २७ वर आणून लॅक्टोमीटर सोडा. म्हणजे दूध सकाळचं की संध्याकाळचं, जवळचं की लांबचं, हा प्रश्नच उरत नाही.